थंडर बेपर्यंत

टेरी फॉक्स धावायचा कसा, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. डावा पाय त्याचा स्वतःचा. उजवा गुडघ्याच्या १५ सेंटिमीटर वर कापलेला आणि त्याखाली फायबरग्लास व पोलादाचा कृत्रिम पाय. हा पाय चालण्यासाठी बनवलेला होता. मांडीपासून पाय गेलेला माणूस लांब पल्ल्याचं धावेल, असं त्या काळी फारसं कुणाच्या मनातच येत नसे, त्यामुळे तसा पाय बनवण्याचाही प्रश्न नव्हता. मागे गेलेला कृत्रिम पाय झुलून पुढे यायला वेळ लागायचा आणि तोवर अंग पुढे झुकलेलं असायचं. तो वेळ काढण्यासाठी टेरी डाव्या पायावर एक जादा उडी घ्यायचा, आपण लंगडी घालताना घेतो तशी. डावा, पुन्हा डावा, मग उजवा. उजवा टेकला की सगळं वजन कापलेल्या मांडीच्या टोकावर यायचं आणि ते टोक कृत्रिम पायाच्या खोबणीत घासायचं. त्याचं जुनं चित्रण आजही पाहायला मिळतं. त्यात ही चाल दिसते आणि डांबरी रस्त्यावर पडणाऱ्या पावलांचा विषम ताल ऐकू येतो.

अशा चालीने तो रोज सुमारे ४२ किलोमीटर जायचा, म्हणजे दिवसाला एक पूर्ण मॅरेथॉन. आयुष्यात एकदा मॅरेथॉन पुरी केली तरी माणूस पदक काचेत लावून भिंतीवर टांगतो. टेरी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठून पुन्हा रस्त्यावर उभा असायचा.

त्याचा जन्म २८ जुलै १९५८चा, कॅनडातल्या विनिपेगचा. वडील रोलंड रेल्वेत सांधेवाले. पुढे कुटुंब पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबियात गेलं आणि पोर्ट कोक्विटलम या गावी स्थिरावलं. टेरी अंगाने बुटका, तरी वेड बास्केटबॉलचं. आठवीत असताना शाळेच्या संघात तो एकोणिसावा खेळाडू होता आणि अख्ख्या हंगामात त्याला एक मिनिट मैदानात उतरायला मिळालं. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. बारावीत पोचेपर्यंत डग ऑलवर्ड या मित्राबरोबर शाळेचा सर्वोत्तम खेळाडू ठरण्याचा मान त्याने मिळवला. नंतर सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या कनिष्ठ संघातही तो शिरला.

नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याची गाडी एका ट्रकवर मागून आदळली. उजवा गुडघा दुखावला, थोडा बरा झाला, पुन्हा दुखायला लागला. मार्च १९७७ मध्ये निदान झालं, हाडाचा कर्करोग. अपघातानेच गुडघा कमजोर झाला आणि रोग तिथे शिरला, असं टेरीला वाटत राहिलं. डॉक्टरांना ते मान्य नव्हतं. पाय काढावा लागणार होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या जुन्या प्रशिक्षकाने त्याला एक मासिक आणून दिलं. त्यात डिक ट्रॉम या अमेरिकन माणसावर लेख होता. ट्रॉमने १९७६ची न्यूयॉर्क मॅरेथॉन कृत्रिम पायावर पुरी केली होती. टेरी तेव्हा अठरा वर्षांचा होता.

हा लेख प्रेरणेची ठिणगी म्हणून नेहमी सांगितला जातो आणि ते खोटं नाही. मला मात्र त्याच सुमाराला डॉक्टरांनी त्याला सांगितलेला आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. पाय काढून औषधोपचार घेतले तर वाचण्याची शक्यता निम्मी आहे, असं ते म्हणाले. दोनच वर्षांपूर्वी हाच आकडा १५ टक्के होता. मधल्या काळात नवी औषधं आली होती. आपण जगतो आहोत ते कुणीतरी प्रयोगशाळेसाठी पैसे दिले म्हणून, असा सरळ हिशेब त्या मुलाने मांडला. पुढचे सोळा महिने केमोथेरपीसाठी रुग्णालयात जाता-येता शेजारच्या खाटांवरची माणसं, विशेषतः लहान मुलं, त्याने मरताना पाहिली. पैसे गोळा करायचे तर फक्त संशोधनासाठी, हा त्याचा हट्ट तिथला आहे.

मधल्या काळात रिक हॅन्सन या खेळाडूने त्याला चाकाच्या खुर्चीवरच्या बास्केटबॉल संघात बोलावून घेतलं. त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपदंही जिंकली. या हॅन्सनची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे. खुर्चीवर खेळता खेळताच टेरी धावण्याचा सराव करू लागला आणि घरी त्याने सांगितलं की व्हँकुव्हरच्या मॅरेथॉनची तयारी चालली आहे. खरा बेत मनातच होता. १९७९ मध्ये प्रिन्स जॉर्ज गावातल्या २७ किलोमीटरच्या शर्यतीत तो शेवटचा आला, आपल्या पुढच्या माणसाच्या दहा मिनिटं मागे. लोक रडत होते, टाळ्या वाजवत होते. त्यानंतर त्याने घरी सांगून टाकलं: पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत, साधारण ८,००० किलोमीटर, अख्खा देश. आई बेटी भडकली. वडिलांनी, म्हणे, इतकंच विचारलं की निघतोस केव्हा.

ऑक्टोबर १९७९ मध्ये त्याने कॅनेडियन कॅन्सर सोसायटीला पत्र लिहिलं. सोसायटी साशंक होती आणि तिचा संशय वाजवी होता. एका पायाचा एकवीस वर्षांचा पोरगा, संस्थेच्या नावावर देश ओलांडायला निघालेला. वाटेत काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? आधी प्रायोजक मिळव आणि डॉक्टरचा दाखला आण, असं त्यांनी सांगितलं. तपासणीत त्याच्या हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला आढळला. तरी दाखला मिळाला, त्रास जाणवला की थांबायचं या बोलीवर. फोर्डने एक कॅम्पर व्हॅन दिली, इम्पीरियल ऑइलने इंधन, आदिदासने बूट. आमच्या मालाची शिफारस कर अशी अट घालणाऱ्या प्रत्येक कंपनीला मात्र त्याने नकार दिला. मोहिमेतून कुणाच्याही खिशात नफा जायचा नाही, हे त्याने निघण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

पैसे उभारण्यासाठी अंग झिजवण्याची कल्पना कॅनडाला नवी नव्हती. १९६७ पासून तिथे ‘माइल्स फॉर मिलियन्स’ नावाच्या पदयात्रा निघत. शाळकरी पोरं हातात कार्ड घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मैलामागे अमुक सेंट असं कबूल करून घेत आणि पायाला फोड येईपर्यंत चालत. यातला व्यवहार सरळ होता. श्रम जितके, पैसे तितके. मैल थांबले की मीटर थांबला. टेरीनेही सुरुवातीला दहा लाख डॉलरचं उद्दिष्ट धरलं होतं, मग एक कोटीचं. पण पुढे त्याने हिशेबाची जातच बदलली. कॅनडाची लोकसंख्या होती २ कोटी ४० लाख. प्रत्येकाने एक डॉलर द्यावा, एवढंच त्याचं मागणं. या हिशेबात किलोमीटर कुठेच नव्हते. त्या वेळी हे कुणाच्या लक्षात आलं असेलसं वाटत नाही.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्स गावाजवळ त्याने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि दोन बाटल्या भरून घेतल्या. एक आठवण म्हणून ठेवायची, दुसरी व्हिक्टोरियाला पोचल्यावर पॅसिफिकमध्ये ओतायची. व्हॅन चालवायला डग ऑलवर्ड होता. पहिले दिवस वादळी वारा, पाऊस आणि बर्फ यांत गेले. बेटाबाहेर त्याची कुणाला फारशी खबर नव्हती. बेटाच्या दुसऱ्या टोकाला पोर्ट ओ बास्क हे तेव्हा दहा हजार वस्तीचं गाव होतं. त्या गावाने त्याच्या हाती दहा हजारांहून अधिक डॉलर ठेवले. माणशी एक डॉलर हे तिथे प्रत्यक्ष झालं.

पुण्यकार्याला निघालेली माणसं आपसात गोडीगुलाबीने वागतात, हा एक भाबडा समज आहे. नोव्हा स्कोशियात पोचेपर्यंत टेरी आणि डग एकमेकांशी बोलेनासे झाले होते. टेरी हेकट आणि तापट होता, दुखण्याने आणखीच चिडचिडा झालेला. दोघंही चोवीस तास एकाच व्हॅनमध्ये. शेवटी आईवडील विमानाने आले आणि समजूत घालून गेले. पुढे सतरा वर्षांचा धाकटा भाऊ डॅरेल मदतीला आला, दोघांच्या मध्ये गादीसारखा. क्वेबेकमध्ये हालत सर्वांत वाईट झाली. प्रांत फ्रेंच बोलणारा, या तिघांना फ्रेंच येत नव्हती आणि मोहिमेची बातमी तिथे पोचलेलीच नव्हती. मोटारवाले भोंगे वाजवून त्याला रस्त्याच्या कडेला ढकलत. २२ जूनला तो माँट्रियलला पोचला तेव्हा एकतृतीयांश वाट सरली होती आणि जमा होते दोन लाख डॉलरच्या थोडे वर.

चित्र पालटलं ते एका हॉटेलवाल्यामुळे. फोर सीझन्स हॉटेलांचे मालक इसाडोर शार्प यांचा मुलगा १९७८ मध्ये कर्करोगाने गेला होता. त्यांनी टेरीला राहण्या-जेवण्याची सोय देऊ केली, मैलामागे दोन डॉलर जाहीर केले आणि आणखी ९९९ कंपन्यांना तसंच करण्याचं आवाहन केलं. पाच हजार मैलांना एकेका कंपनीचे दहा हजार. हजार कंपन्या आल्या की झाले एक कोटी. व्यापारी माणसाचा नेटका हिशेब, पण पुन्हा मैलांचाच. टेरीला याने उभारी आली, यात शंका नाही.

जूनच्या अखेरीला हॉक्सबरी गावाशी त्याने ऑन्टॅरिओ प्रांतात पाऊल टाकलं, तर समोर वाजंत्री आणि हजारो माणसं. पुढे पोलिसांची गाडी दिवे लावून चालू लागली. देशाच्या वर्धापनदिनाला, १ जुलैला, तो ओटावात असावा म्हणून माँट्रियलजवळ त्याला काही दिवस थांबवून ठेवलं होतं. राजधानीत गव्हर्नर जनरल एड श्रायर आणि पंतप्रधान पिएर ट्रूडो त्याला भेटले. फुटबॉलच्या सामन्यात सोळा हजार प्रेक्षकांपुढे त्याने चेंडूला पहिली लाथ मारली. ११ जुलैला टोरंटो. महापालिकेसमोरच्या चौकात दहा हजारांची गर्दी. आइस हॉकीपटू डॅरिल सिटलरने आपली जर्सी त्याला दिली. त्या एका दिवसात त्या एका शहरात एक लाख डॉलर जमल्याचा अंदाज आहे.

गर्दीची किंमतही होती. आता दिवसाचे ४२ किलोमीटर पुरे करून वर सभा, सत्कार, सह्या, मुलाखती. टेरीला भाषणं आवडत नव्हती असं नाही, पण विश्रांतीचे तास त्यात जात. काही स्तंभलेखकांना त्याच्यातला हेकट भाऊ दिसला. एकाने तर असंही लिहिलं की निदान चुकवणाऱ्या डॉक्टरवरचा राग तो रस्त्यावर काढतो आहे. टेरी त्यावर संतापला. उत्तर ऑन्टॅरिओत कर्करोगाने पाय गेलेला दहा वर्षांचा एक मुलगा त्याच्या मागोमाग सहा मैल सायकल चालवत आला. तो दिवस सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा, असं टेरी म्हणाला. टोरंटोच्या चौकाबद्दल तो तसं म्हणाला नव्हता.

शरीराचं काय झालं होतं? नडगीला सूज, गुडघ्याचा दाह, घोट्याच्या शिरांना दुखापत, मांडीच्या टोकावर गळवं. कधी खोबणीतून रक्त ओघळून पायावर येई आणि लोकांना दिसे. वाढदिवसालाही तो धावला. डॉक्टरकडे जायची तयारी मात्र नव्हती. मध्ये तपासण्या ठरल्या होत्या, त्याने त्या टाळल्या. ज्या रोगाविरुद्ध तो पैसे मागत होता तो परत उलटला आहे का, हे पाहण्याच्या या तपासण्या. तो घाबरत होता, की वेळ जाईल म्हणून चालढकल करत होता? दोन्ही असेल. सोसायटीने सक्ती करायला हवी होती, असं आज म्हणणं सोपं आहे. त्या जुलैत ज्याच्यामागे पोलिसांचा ताफा आणि दारोदार उभी माणसं आहेत अशा पोराला थांबवायला कोण पुढे झालं असतं? आपल्याकडे नवसाला पायी निघालेल्या माणसाला घरातलं कुणी अडवत नाही, तसलाच हा पेच. त्यात टेरीने मागितलेलं स्वतःसाठी नव्हतंच, म्हणून तर त्याला अडवणं आणखी अवघड होतं.

१ सप्टेंबरला सुपीरियर सरोवराकाठच्या थंडर बे शहराबाहेर त्याला खोकल्याची उबळ आली, छातीत कळा येऊ लागल्या. रस्त्याच्या कडेला माणसं उभी होती, ओरडून धीर देत होती, म्हणून तो आणखी काही मैल धावला. माणसं संपली तेव्हा तो व्हॅनमध्ये चढला आणि डगला म्हणाला, रुग्णालयात ने. कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाले होते. त्या दिवसापर्यंतची जमा होती १७ लाख डॉलर.

दुसऱ्या दिवशी स्ट्रेचरवर पडून, आईवडील शेजारी असताना, त्याने पत्रकारांना हे सांगितलं. टोरंटोच्या हॉकी संघाने उरलेली वाट आम्ही धावतो असा निरोप पाठवला. टेरीने नाही म्हटलं. बरा झालो तर मीच पुरी करीन. आठवडाभराने सीटीव्ही या वाहिनीने पाच तासांचा कार्यक्रम केला. गायक, नट, खेळाडू आले, ब्रिटिश कोलंबिया आणि ऑन्टॅरिओच्या सरकारांनी प्रत्येकी दहा लाख डॉलर जाहीर केले, आणि कार्यक्रम संपेपर्यंत १ कोटी ५ लाख डॉलर जमले. १४३ दिवस धावून १७ लाख, आणि तो पलंगावर पडल्यावर एका संध्याकाळी त्याच्या सहापट.

हे आकडे वाचताना थोडं अस्वस्थ व्हायला होतं. धावणाऱ्याला टाळ्या मिळतात, मरणाऱ्याला पैसे, असा कडवट अर्थ त्यातून काढता येईल, आणि तो अगदीच चूक नाही. पण तो पुरेसाही नाही. मैलाच्या दराने चाललेली मोहीम थंडर बेला संपली असती. ५,३७३ किलोमीटरचे पैसे मोजून लोक मोकळे झाले असते. माणशी एक डॉलर ही मागणी मात्र धावणं थांबलं तरी तशीच उभी होती, कारण ती त्याच्या पायांवर अवलंबून नव्हती. शाळांनी, कारखान्यांनी, गावांनी आपापला वाटा मोजून पाठवला. पाकिटांवर ‘टेरी फॉक्स, कॅनडा’ एवढंच लिहिलेलं असे आणि ती पोचत. फेब्रुवारी १९८१ मध्ये एकूण रक्कम २ कोटी ४१ लाख ७० हजार डॉलर झाली. देशाची लोकसंख्या तेव्हा २ कोटी ४१ लाख. तो तेव्हा जिवंत होता. हा आकडा त्याने ऐकला.

सप्टेंबरातच त्याला ऑर्डर ऑफ कॅनडाचा सर्वोच्च दर्जाचा किताब मिळाला होता, इतक्या लहान वयात तो तोवर कुणालाही मिळाला नव्हता. २८ जून १९८१ रोजी पहाटे न्यू वेस्टमिन्स्टरच्या रुग्णालयात तो गेला. तेविसावा वाढदिवस बरोबर एक महिन्यावर होता. देशभर झेंडे अर्ध्यावर उतरवले गेले.

दरवर्षी त्याच्या नावाने दौड काढावी ही कल्पना शार्प यांची. टेरीच्या हयातीतच त्यांनी ती मांडली होती. टेरीने अट घातली: स्पर्धा नको, विजेते नकोत, धावा, चाला, सायकल चालवा, काहीही करा. पहिली दौड १३ सप्टेंबर १९८१ला झाली. तीन लाख लोक आले आणि ३५ लाख डॉलर जमले. १९८८ मध्ये टेरी फॉक्स फाउंडेशन कॅन्सर सोसायटीपासून वेगळं झालं. आई बेटी २०११ मध्ये जाईपर्यंत पहाऱ्यावर बसल्यासारखी होती. मुलाच्या नावावर माल विकू पाहणाऱ्यांना तिने दारातून परत पाठवलं. ही दौड पुढे अनेक देशांत पोचली; मुंबईतही ती झाली आहे. आजवरची जमा ८० कोटी डॉलरच्या वर गेली आहे. १९८४ नंतरच्या लाइव्ह एडसारख्या चमकदार मोहिमा आल्या आणि ओसरल्या. ही टिकली त्यात त्या चिवट नकारांचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. व्हॅनच्या जमान्यात तो हेकटपणा होता, पुढे तोच राज्यघटनेसारखा उपयोगी पडला.

त्याच्यामागून निघालेले दोघं सांगायलाच हवेत. रिक हॅन्सन पंधराव्या वर्षी अपघातात कमरेखाली लुळा झाला होता. मार्च १९८५ मध्ये तो व्हँकुव्हरहून चाकाच्या खुर्चीवर निघाला, हातांनी चाकं रेटत ३४ देशांतून ४०,००० किलोमीटर गेला आणि मे १९८७ मध्ये २ कोटी ६० लाख डॉलर घेऊन परतला. मज्जारज्जूच्या दुखापतींवरच्या कामासाठी.

दुसरा स्टीव्ह फोन्यो. बाराव्या वर्षी त्याचाही पाय कर्करोगाने गेला, डावा. मार्च १९८४ मध्ये, अठराव्या वर्षी, तोही सेंट जॉन्सहून निघाला. सुरुवातीला लोकांनी त्याला नकलाकार ठरवलं. थंडर बे मागे टाकल्यावर वृत्तपत्रांचा सूर बदलला. हिवाळ्यात त्याने मैदानी प्रदेश ओलांडला, रॉकी पर्वत ओलांडला, आणि २९ मे १९८५ला व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर पॅसिफिकमध्ये पाय बुडवला. टेरीला जे जमलं नाही ते त्याने पुरं केलं आणि एक कोटीहून कितीतरी अधिक डॉलर कर्करोग संशोधनाला मिळवून दिले. त्या किनाऱ्याला त्याचं नाव दिलं गेलं, ऑर्डर ऑफ कॅनडाही मिळाली. वय एकोणीस. त्यानंतर काय करायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दारू, अमली पदार्थ, चोऱ्यामाऱ्या, मारहाण, फसवणुकीचे खटले. २००९ मध्ये सरकारने किताब काढून घेतला. २०२२ मध्ये तो वारला. किताब परत घेण्याला काही लोकांनी तेव्हा विरोध केला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: हा किताब ज्या धावण्यासाठी दिला ते धावणं खरं होतं, आणि त्यातून आलेले पैसे कुणी परत केलेले नाहीत.